नागपूरचे खरे प्रकरण आणि आमदारांचा विश्वास

जुलै 1938 मध्ये नागपुरात जे घडले ते बहुधा डॉ. ना. भा. खरे विरुद्ध काँग्रेसश्रेष्ठी असा झगडा म्हणून सांगितले जाते. तो झगडा होताच. पण त्यात मध्यप्रांत-वऱ्हाडचे आमदार विसरले जातात. 1937 च्या निवडणुकीत 112 पैकी 70 जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर आली, खरे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. मंत्रिमंडळात मराठी नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी महाकोशल अशी ओढाताण पहिल्यापासून होती. तशात कायदामंत्री युसुफ शरीफ यांनी बलात्काराच्या गुन्ह्यातील कैद्याची मुदतीआधी सुटका केली आणि प्रांतभर संताप उसळला. प्रकरण काँग्रेस कार्यकारिणीपुढे गेले, निवृत्त न्यायाधीश मन्मथनाथ मुखर्जी यांचे मत मागवले गेले आणि शरीफ पायउतार झाले. मंत्र्याचा न्याय सभागृहाबाहेर होण्याचा पायंडा इथे पडला.

मंत्र्यांमधील ओढाताणीवर मे महिन्यात पचमढीला झालेला समेट टिकला नाही. 20 जुलैला खरे यांनी गोळे व देशमुख या सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या मंत्र्यांनी पक्षाचा आदेश नसल्याचे सांगून राजीनामा देण्यास नकार दिला, तेव्हा गव्हर्नर वायली यांनी त्यांना बडतर्फ करून खरे यांनाच नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. ते दोन-तीन दिवसच टिकले. 27 जुलैला वर्ध्यात काँग्रेस आमदारांनी शुक्लांना नेता निवडले.

खरे यांची बाजू अशी की सहकारी निवडण्याचा हक्क पंतप्रधानाचाच असतो. संसदीय रीतीने हे बरोबरच आहे. पण तो हक्क आमदारांच्या विश्वासातून येतो, आणि पेच आल्यावर खरे त्यांच्याकडे न जाता परक्या सत्तेच्या गव्हर्नराकडे गेले. वर्ध्याचा निर्णयही श्रेष्ठींच्या छायेत झाला, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून श्रेष्ठी निर्दोष ठरत नाहीत आणि खरेही सुटत नाहीत: दोघांनीही निवडून आलेल्या सभागृहाला सर्वांत शेवटचे स्थान दिले. लफड्याने मंत्री जातो, ते नुकसान भरून निघते. त्याचा निवाडा करण्याची सवय आमदारांच्या हातून गेली, तर सरकारप्रमुखालाही अडचणीच्या दिवशी टेकायला जागा उरत नाही. नागपूरचा हा धडा आजच्या प्रत्येक विधानसभेला लागू आहे.