ताशेऱ्यांची चाळणी

खालच्या न्यायालयाचा निकाल चुकला तर वरच्याने तो फिरवावा, अपील त्यासाठीच असते. पण निकाल फिरवताना तो देणाऱ्या न्यायाधीशाची नियत काढता येते का? भारतात यावर जी बंधने आहेत, त्यांतल्या मुख्य कसोट्या पोलिसांवरच्या शेऱ्यांतून आल्या.

अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी एका निकालात सबंध पोलीस दलाला कायदा मोडणाऱ्यांची संघटित टोळी ठरवले. उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६३ साली न्यायालयाने ते सरसकट शेरे काढून टाकले आणि तीन प्रश्न घालून दिले. ज्याच्यावर शेरा, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली का? शेऱ्याला पुराव्याचा आधार आहे का? निकालासाठी तो शेरा आवश्यक होता का?

पुढे हीच चाळणी न्यायाधीशांच्या कामी आली. कारण त्यांच्यावरचे शेरे तर पहिल्याच प्रश्नाशी अडतात: अपिलात न्यायाधीश पक्षकार नसतो, त्याला वकील नसतो, त्याचे म्हणणे कोणी विचारत नाही.

नव्वदीच्या दशकात मध्य प्रदेशातील एका अतिरिक्त सत्र न्यायाधीशाने दिलेला जामीन उच्च न्यायालयाने रद्द केला आणि त्याच्यावर ताशेरेही ओढले. ते काढून टाकताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी जे लिहिले, ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. खालचा न्यायाधीश तापलेल्या वातावरणात, पक्षकार आणि वकिलांच्या दडपणाखाली काम करतो. शांतपणे विचार करण्याची वरच्यांना मिळणारी सवड त्याला नसते. म्हणून प्रत्येक चुकीमागे वाईट हेतू शोधू नये. खालच्या कोर्टात अर्धा दिवस बसलेल्या कोणालाही हे पटेल.

२००१ साली दिल्लीतील एका दंडाधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांनी वाट दाखवली: वर्तन खरोखर गंभीर असेल तर निकालपत्रात न लिहिता मुख्य न्यायमूर्तींकडे प्रशासकीय बाजूने वेगळी नोंद पाठवावी. तिथे त्या अधिकाऱ्याला उत्तर देता येते. निकालपत्रातला शेरा मात्र सर्वांसमोर येतो, आणि जिंकलेल्या पक्षकाराला आपण न्यायाधीशालाही हरवल्याचे समाधान मिळते.

तरीही २०२४ साली न्यायमूर्ती अभय ओक यांना दिल्लीच्याच एका सत्र न्यायाधीशावरचे शेरे पुसावे लागले. निकालावर टीका करा, न्यायाधीशावर वैयक्तिक नको, हे त्यांना पुन्हा लिहावे लागले. ताशेऱ्यांच्या धास्तीने एखादा न्यायाधीश द्यायला हवा तो जामीन नाकारतो, तेव्हा तुरुंगात राहतो तो आरोपी.