सपाट पटावरील फिरता गोल

कागद सपाट आणि पृथ्वी गोल, या दोहोंचा मेळ घालण्याचा खटाटोप चित्रकारांनीं व नकाशे काढणारांनीं शतकानुशतकें चालविला आहे. गोल स्थिर असेल तर छायाप्रकाशाच्या साह्यानें काम भागतें. परंतु तो फिरतांना दाखवावयाचा झाला, म्हणजे खरी अडचण उभी राहते. इंटरनेटवरील हलत्या चित्रांच्या कारागिरांनीं या अडचणींतून एक सोपी पळवाट काढली. पृथ्वीचा लांबट नकाशा घ्यावयाचा, त्याची दुसरी प्रत त्याच्या शेवटास जोडावयाची, आणि ही पट्टी एका गोल खिडकीमागून हळूहळू सरकवीत राहावयाचें. कडेला थोडी काळी छाया दिली, कीं पृथ्वी फिरूं लागली!

अशा चित्राकडे वाचकांनीं क्षणभर निरखून पाहावें. कांहींतरी चुकतें आहे असें डोळा सांगतो. काय चुकतें तें मात्र त्याला सांगतां येत नाहीं. त्याचें उत्तर चारशें वर्षांपूर्वींच्या एका मोठ्या वादांत मिळतें, आणि तोच इतिहास आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

दुर्बीण प्रचारांत आल्यावर थोड्याच वर्षांत सूर्यबिंबावर काळे डाग दिसूं लागले. योहान फाब्रिसियस या तरुणानें १६११ सालीं त्यांवर एक पुस्तिका छापून सूर्य स्वतःभोंवतीं फिरतो असें अनुमान काढलें. पण तिजकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्याच सुमारास इंगोलश्टाट येथील जेसुइट अध्यापक क्रिस्तोफ शाइनर यानें आउग्सबुर्ग येथील मार्क वेल्सर या विद्याप्रेमी गृहस्थास तीन पत्रें लिहिलीं, व तीं १६१२ च्या आरंभीं प्रसिद्ध झालीं. पत्रांवर शाइनरचें नांव नव्हतें. चित्रामागें दडून लोकांची टीका ऐकणाऱ्या आपेलीस या ग्रीक चित्रकाराचें नांव त्यानें धारण केलें होतें. आकाशस्थ तेजें निर्मळ व निर्विकार आहेत, हें अॅरिस्टॉटलच्या परंपरेचें मत. तें राखावयाचें, तर डाग सूर्याचे असून चालणार नव्हते. ते सूर्याभोंवतीं फिरणारे लहान लहान गोल असून सूर्यासमोरून जातांना काळे दिसतात, असा शाइनरचा पक्ष होता.

वेल्सरनें गॅलिलिओचें मत विचारलें. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यानें एक उत्तम रीत काढली होती. दुर्बिणींतून येणारें सूर्याचें बिंब पांढऱ्या कागदावर पाडावयाचें आणि डाग जेथल्या तेथें रेखावयाचे. या रीतीनें १६१२ च्या जून-जुलै महिन्यांत गॅलिलिओनें सूर्याचीं चित्रें एकामागून एक काढलीं, व तीं रोम येथें १६१३ सालीं छापलेल्या त्याच्या पत्रांबरोबर प्रसिद्ध झालीं. तीं क्रमानें भराभर पाहिलीं असतां सूर्य डोळ्यांपुढें फिरूं लागतो. हलत्या चित्रांचा जन्म होण्यापूर्वीं कित्येक पिढ्या काढलेली ही चित्रमाला आहे.

तिच्यांतून निघालेला युक्तिवाद असा. गोल समान वेगानें फिरत असला, तरी त्यावरील ठिपका आपणांस समान वेगानें सरकतांना दिसत नाहीं. बिंबाच्या मध्यापासून ३० अंश फिरेपर्यंत ठिपका अर्धी त्रिज्या ओलांडतो. पुढच्या ३० अंशांत तो त्रिज्येचे शेंकडा सुमारें ३७ भाग चालतो, आणि शेवटच्या ३० अंशांत अवघे १३. शिवाय कडेकडे जातांना त्याची रुंदी आखडते. ६० अंशांवर ती निम्मी होते, उंची मात्र तेवढीच राहते. गॅलिलिओचे डाग नेमके याच नियमानें चालत होते. ते स्वतंत्र गोल असते तर कडेला आल्यामुळें चपटे दिसते ना. ते सूर्यापासून पुष्कळ दूर फिरत असते, तर बिंब जवळजवळ समान वेगानें ओलांडते, आणि त्यांच्या फेऱ्याचा थोडाच काळ बिंबासमोर जाता. प्रत्यक्षांत सुमारें २७ दिवसांच्या फेऱ्यांतील निम्मा काळ ते दिसत. म्हणजे डाग सूर्याच्या पृष्ठाशींच होते, आणि सूर्य निर्विकार नव्हता.

आतां आपल्या सरकत्या पट्टीकडे वळूं. तिच्यावरील आफ्रिका मध्याशीं ज्या वेगानें चालते त्याच वेगानें कडेआड होते, आणि तेथें तिळभरही आखडत नाहीं. खऱ्या गोलावर ६० अक्षांशावरील स्थळ विषुववृत्तावरील स्थळाच्या निम्म्या वेगानें फिरतें. पट्टीवर मात्र उत्तरेचें हिम आणि विषुववृत्तावरचें अरण्य बरोबरीनें धांवतात. कडेची काळी छाया शोभेसाठीं नसते. जेथें चोरी उघडी पडावयाची तेंच ठिकाण ती झांकते. सूर्यावरील डाग या पट्टीसारखे चालले असते, तर शाइनरचाच पक्ष बळकट झाला असता.

शाइनरविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शोधाचा मान कोणाचा, यावरून दोघांचें वितुष्ट पुढें फार वाढलें. तरीही अनेक वर्षांच्या वेधांनंतर १६३० सालीं पूर्ण झालेल्या 'रोझा उर्सिना' या आपल्या मोठ्या ग्रंथांत शाइनरनें डाग सूर्यावरच आहेत हें मान्य केलें, आणि सूर्याचा अक्ष सुमारें सात अंश कललेला आहे हेंही दाखविलें. प्रतिपक्ष्याविषयीं मनांत कटुता असतांही मोजमापाचा निकाल त्यानें नाकारला नाहीं. १६३३ सालीं गॅलिलिओवर जे खटला चालवीत होते, त्यांना आपल्या मतापुढें मोजमापाची अशी पर्वा वाटली नाहीं.

करमणुकीच्या चित्रांत सरकती पट्टी खपून जाईल; तिजवर कोणी रागावण्याचें कारण नाहीं. परंतु मुलांस भूगोल शिकवावयाच्या चित्रांत ती येते, तेव्हां गोल म्हणजे काय हेंच त्यांना चुकीचें शिकविलें जातें. घरांतील वडील माणसांनीं संत्र्यावर शाईचा एक ठिपका द्यावा, दूर उभें राहून तें हळूहळू फिरवावें, आणि कडेला जातांना ठिपक्याचें काय होतें तें मुलांकडूनच वदवून घ्यावें. गॅलिलिओच्या युक्तिवादाचें मर्म त्यांना दोन मिनिटांत कळेल.