पर्वतीय पाइन भुंगेरा

पर्वतीय पाइन भुंगेरा (शास्त्रीय नाव: डेन्ड्रोक्टोनस पाँडेरोसी) हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइन वृक्षांच्या सालीखाली राहणारा, सुमारे ५ मिलिमीटर लांबीचा काळा कीटक आहे. लॉजपोल पाइनवर त्याचा उपद्रव विशेष आढळतो.

मादी उन्हाळ्यात साल पोखरून आत शिरते आणि गंधद्रव्य सोडून इतर भुंगेऱ्यांना आकर्षित करते. झाड राळ स्रवून प्रतिकार करते. परंतु शेकडो भुंगेरे एकदम आल्यास तो अपुरा पडतो. अळ्या सालीचा आतील थर खातात, तर भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी लाकूड निळसर करून पाण्याचा प्रवाह रोखते.

झाडाची पाने पूर्ण तांबडी होतात ती पुढील वर्षी. तोवर नवी पिढी बहुधा उडून गेलेली असते. त्यामुळे तांबडे झाड तोडून फारसा उपयोग होत नाही, आसपासची हिरवी झाडेच तपासावी लागतात. खोडावरील राळेचे गोळे व बुंध्याशी साचलेला तांबूस भुसा या त्यांवरील खुणा होत.

अशी झाडे भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी तोडून जाळणे किंवा सोलणे हा मुख्य उपाय आहे. कार्बारिलची फवारणी केवळ प्रतिबंधक असून ती मोजक्या मौल्यवान झाडांनाच परवडते. ‘येथे जागा नाही’ असा संकेत देणाऱ्या व्हर्बेनोन या द्रव्याच्या पुड्याही खोडावर लावतात.

उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी अळ्यांचा नाश करते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकापासून सौम्य हिवाळे व एकाच वयाची जुनी पाइनवने यांमुळे झालेल्या उद्रेकाची झळ सुमारे १.८ कोटी हेक्टर क्षेत्राला बसली.