वारस कोण? नेदरलँड्सच्या यहुद्यांचे कागद आणि आपली नावे

घरातले कोणी गेले की मुलगा काद्दिश म्हणायला उभा राहतो. समाजाला तेवढे पुरते, बँकेला पुरत नाही. नेदरलँड्समध्ये बँक बहुधा नोटरीने केलेला वारसपत्राचा कागद मागते. नोटरी आधी मध्यवर्ती नोंदवहीत मृत्युपत्र आहे का ते पाहतो, मग लोकसंख्या नोंदणीतून पती-पत्नी व मुले शोधतो आणि वारस कोण ते लिहून देतो. मयताच्या कर्जाची भीती असेल तर वारसा नाकारल्याचा, किंवा मालमत्तेपुरताच स्वीकारल्याचा जबाब न्यायालयात नोंदवता येतो.

या सगळ्याचा पाया म्हणजे मृत्यूची नोंद. तीच नसेल तर?

जुलै १९४२ ते सप्टेंबर १९४४ या काळात जर्मनांनी नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० यहुदी छावण्यांत नेले. त्यांतले सुमारे ५,००० परतले. त्याआधीच त्यांचा पैसा अॅमस्टरडॅमच्या लिपमन-रोझेन्थाल या नावाच्या पेढीत जमा करायला लावून लुटला होता. परतलेल्यांनी आई-वडिलांचा हक्क मागितला, तेव्हा मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? शेवटी १९४९ साली बेपत्ता माणसांच्या मृत्यूच्या नोंदी करण्यासाठी कायदा झाला. अनेकांची खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून अंदाजाने तारीख ठरवावी लागली.

ती तारीख नुसती आकडा नव्हती. समजा, मुले नसलेले जोडपे गेले. पती आधी गेला असे ठरले, तर त्याची मालमत्ता पत्नीकडे आणि तिच्यामार्फत तिच्या माहेरच्यांकडे जाई. पत्नी आधी गेली असे ठरले, तर उलट. एका दिवसाच्या फरकाने घर कोणाचे ते ठरे.

आपल्यावर देवाच्या कृपेने असा प्रसंग आला नाही. पण कागदांचा घोळ आपल्याकडेही आहे. एकच माणूस मशिदीच्या वहीत एलोजी, शाळेच्या दाखल्यात एलायजा आणि इस्राएलच्या कागदांत एलियाहू. आडनाव कुठे गावाचे, कुठे आजोबांचे. हे तिघे एकच, हे सिद्ध कोण करणार?

कायदा आपल्या बाजूने स्पष्ट आहे. मृत्युपत्र नसेल तर यहुद्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच. महाराष्ट्रात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली न्यायालयातून वारस दाखलाही मिळतो. अडतो तो नात्याचा पुरावा.

म्हणून आपण प्रत्येक घरात एक वही ठेवू या. माणसाची सगळी नावे, जन्म-मृत्यूच्या तारखा, आई-वडील, मुले लिहावीत आणि केतुबेची नक्कल जोडावी. सांगणारे वडीलधारे आहेत तोवरच हे लिहून होईल.