गुरुजींचे दुसरे काम

निवृत्तीनंतर मी शिक्षणाच्या इतिहासाची कागदपत्रे वाचू लागलो, ती एक जुनी तक्रार मनात घेऊन. तीसहून अधिक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. ‘आम्हांला फक्त शिकवू द्या’ हे वाक्य शिक्षकांच्या प्रत्येक सभेत ऐकले आणि स्वतःही अनेकदा म्हटले. जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब ही कामे गुरुजींच्या माथी कुणी मारली, याचा मला शोध घ्यायचा होता.

शोध घेताना हाती आले ते जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगाला दिलेले निवेदन. प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, ही त्यातली मागणी माहीत होती. पुढच्या सूचनेशी मात्र थबकलो. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे शिक्षकांकडे सोपवावीत, असे जोतीराव सुचवतात. ज्या ओझ्याबद्दल आम्ही मोर्चे काढले, ते त्यांनी मागून घेतले होते!

कारण त्याच निवेदनात आहे. तेव्हाचे शिक्षक बहुतांशी ब्राह्मण होते आणि शेतकऱ्यांच्या मुलांपासून सोवळ्याने दूर राहत. जोतीरावांना हवा होता वेळप्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा, लोकांत मिसळणारा शिक्षक. गावकारभारात स्थान मिळाले की त्याची पत वाढेल, पत वाढली की त्याचा शब्द लोक मानतील, असा त्यांचा हिशेब होता. १८४८ पासून शाळा चालवलेल्या माणसाचा हा हिशेब, म्हणून तो सहज बाजूला सारता येईना.

मला १९९१ चा फेब्रुवारी आठवला. जनगणनेच्या याद्या घेऊन गावापासून दूरच्या एका वस्तीवर गेलो होतो. एका झोपडीत कुटुंबाची नावे लिहिताना नऊ वर्षांची मुलगी निघाली. शाळेच्या पटावर तिचे नाव नव्हते, कारण वस्तीत मुलगी आहे हेच शाळेला ठाऊक नव्हते. जूनमध्ये तिला पहिलीत बसवली. जनगणना नसती तर मी त्या वस्तीवर गेलोच नसतो. पण याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या आठवड्यांत माझी चौथी दुसऱ्या गुरुजींच्या तिसरीला जोडलेली होती. भागाकार मागे पडला, तो काही मुलांचा कायमचाच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका मात्र वगळल्या. म्हणजे १९९१ चे माझे काम आजही कायदेशीरच ठरते. तक्रार हवेत विरली नाही, पण तिचे स्वरूप माझ्यापुरते बदलले.

जोतीरावांच्या कल्पनेतला टपाल सांभाळणारा शिक्षक पत्रासाठी लोकांना आपल्या दारी आणतो. दस्त नोंदवणाऱ्या गुरुजींकडे गरजू माणूस स्वतः चालत येतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी मोबाइलवर जी माहिती भरत होतो, तिच्यासाठी कुणी माझ्या दारी येत नव्हते आणि मीही कुणाच्या दारी जात नव्हतो. माहिती फक्त वर जात होती. वर्गातली मुले समोर बसून माझी मान वर होण्याची वाट पाहत.

म्हणून सभेतले जुने वाक्य आता मला अपुरे वाटते. शिक्षकाला वर्गाबाहेरचे काम असावे की नसावे, यापेक्षा ते काम त्याला गावाच्या जवळ नेते की दूर, हे आधी विचारायला हवे. वस्तीवरची ती मुलगी पुढे सातवी झाली. तिच्या दाखल्यावर माझी सही आहे. भागाकार राहून गेलेल्या मुलांच्या दाखल्यांवरही माझीच आहे.