रोजच्या भाकरीसारखं बळ

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "ह्यांनी देवासमोर दारू सोडायची शपथ घेतली, आठ दिवसांत मोडली. मोह सुटतो का हो कधी?" तिच्या प्रश्नावरून दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आठवली.

अमेरिकेत ओहायो राज्यात हिल्सबरो नावाचं लहान गाव आहे. डिसेंबर १८७३ मध्ये तिथे डॉ. डायो लुईस यांचं दारूविरोधी व्याख्यान झालं. २४ डिसेंबरला गावातल्या बायका चर्चमध्ये जमल्या. पुढारी झाल्या एलायझा थॉम्पसन, वय ५७, आठ मुलांची आई. त्यांनी बायबलमधलं १४६ वं स्तोत्र वाचलं. त्याचा भावार्थ असा, की सत्ताधाऱ्यांवर नाही, देवावर भरवसा ठेवा. या बायकांना तर मताचा अधिकारही नव्हता!

मग रांगेने त्या दारू विकणाऱ्या दुकानांत गेल्या. दगड नाही, शिवी नाही. गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि विक्री बंद करण्याच्या वचनावर दुकानदाराची सही मागायची. काहींनी सही केली, एक जण कोर्टात गेला. बायका हटल्या नाहीत. १८७४ मध्ये क्लीव्हलँडला या चळवळीतून 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' उभी राहिली. सभासद बायका स्वतः दारूला न शिवण्याची प्रतिज्ञा करत आणि पांढरी फीत लावत. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी हे काम जवळून पाहिलं.

पुढे १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली. पण चोरटी दारू वाढली आणि १९३३ मध्ये बंदी उठली. कायद्याने दुकान बंद होतं, मनातला मोह नाही.

त्या बायकांची श्रद्धा वेगळं सांगत होती. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत दोन मागण्या जवळजवळ आहेत: आजची भाकर दे आणि मोहापासून वाचव. भाकर एकदा खाऊन जन्माची भूक भागत नाही. बळही तसंच, रोज मागायचं. आणि ती प्रार्थना 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणते.

म्हणून त्या ताईला सांगते, शपथ मोडली तर उद्या सकाळी पुन्हा घ्यायला लावा, फक्त आजच्या दिवसापुरती. व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ताही धरा. आणि आपला गट आहेच सोबतीला. तुमचा देव कोणताही असो, एकटीने झुंजू नका.