थेंबांनी इन्फेक्शन टळतं का?

तान्ह्या बाळाच्या घरी व्हिटॅमिन डीच्या थेंबांची बाटली असतेच. "याने इम्युनिटी वाढते, इन्फेक्शन होत नाही," हेही कुणीतरी सांगतंच. ही समजूत आली कुठून, ते आज बघूया.

१९९७ साल, इथिओपिया. तिथल्या डॉक्टरांनी पाच वर्षांखालची, न्यूमोनिया झालेली ५०० मुलं आणि न झालेली ५०० मुलं तपासली. न्यूमोनियाच्या गटात मुडदूस असण्याची शक्यता सुमारे १३ पट निघाली. मुडदूस म्हणजे मुख्यतः व्हिटॅमिन डी कमी पडून हाडं मऊ होणं. कारणही पटण्यासारखं होतं: बरगड्याच मऊ असतील तर बाळ जोरात खोकून कफ बाहेर कसा काढणार?

मग २००६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की व्हिटॅमिन डी पुरेसं असेल तर आपल्या पांढऱ्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन बनवतात. आता तर सगळं जुळलं, असंच वाटतं ना?

पण थांबा. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. आजारी, अशक्त मूल घरातच राहतं, त्याला ऊनही कमी मिळतं. खरं काय ते कळायला आम्ही सॉफ्टवेअरवाले करतो तशी ए/बी टेस्ट लागते: चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला औषध, दुसऱ्याला नुसते बिनऔषधी थेंब.

दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलमध्ये ती झाली. पूर्ण दिवसांची पण कमी वजनाची २०७९ बाळं. एका गटाला दर आठवड्याला १४०० युनिट, सहा महिने. २०११ मध्ये निकाल आला: मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती, दोन्हींत फरक नाही. डी मिळालेल्या बाळांची वाढ मात्र थोडी चांगली झाली. पुढच्याच वर्षी काबूलचा निकाल आला. ३०४६ बाळांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट दिले होते. पहिला न्यूमोनिया होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच.

मग थेंब बंद करायचे? अजिबात नाही! हाडांसाठी ते हवेतच. भारतातले बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट द्यायला सांगतात. फक्त त्यांना इन्फेक्शनविरुद्धची ढाल समजू नका. बाळ दूध ओढत नसेल, श्वास भराभर चालत असेल, तर "थेंब चालू आहेत की" म्हणत घरी बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.